रोजची पेये आणि हाडांचे आरोग्य

महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात पाहुणा दारी आला की प्रथम पाण्याचा तांब्या पुढे केला जातो आणि त्यामागोमाग चहाचा कप येतो. सकाळचा चहा, शेतावर नेलेली पाण्याची कळशी, दुपारच्या जेवणातील ताक, रात्रीचे कपभर दूध, जत्रेत किंवा लग्नकार्यात घेतलेले शीतपेय, अशी दिवसभरात कितीतरी पेये आपण घेत असतो. आहाराचा विचार करताना मात्र भाकरी, डाळ, भाजी यांचाच हिशेब मांडला जातो. पेयांची गणना सहसा कोणी करीत नाही. वास्तविक आपल्या हाडांचे बरेवाईट ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्यांत या पेयांचा वाटा लक्षणीय आहे. काही पेये हाडांना द्रव्य पुरवितात, काही त्या पुरवठ्याची जागा अडवून बसतात, आणि काही ठिकाणी तर नित्याचे पिण्याचे पाणीच हाडांना कायमची इजा करते. म्हणून हा विषय घराइतकाच शाळेचा आणि ग्रामपंचायतीचाही आहे.

हाडांची पेढी

हाड ही सजीव पेशींची रचना असून जन्मभर तिची मोडतोड आणि पुनर्बांधणी चालू असते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलोग्रॅम कॅल्शियम असते व त्यापैकी ९९ टक्के हाडे आणि दात यांत साठविलेले असते. उरलेला एक टक्का रक्तात व अन्य पेशींत असतो. हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, रक्त गोठणे ही कार्ये या अल्पशा कॅल्शियमवर अवलंबून असल्यामुळे शरीर रक्तातील त्याचे प्रमाण ढळू देत नाही. आहारातून पुरेसा पुरवठा झाला नाही, तर परावटू ग्रंथींच्या स्रावामुळे हाडांतील साठ्यातून उचल केली जाते. ही उचल वर्षानुवर्षे चालू राहिली आणि परतफेड झाली नाही, तर हाड आतून विरळ होत जाते. त्याची वाच्यता मात्र होत नाही. पाय घसरण्याचे साधे निमित्त होऊन वृद्धापकाळी खुब्याचे हाड मोडते, तेव्हाच घरच्यांना या कर्जाची जाणीव होते.

हाडांची भर मुख्यतः बालपणी व तारुण्यात पडते. साधारणतः वयाच्या तिशीपर्यंत हा साठा परमावधीला पोहोचतो. त्यानंतर तो राखणे एवढेच हाती उरते. स्त्रियांच्या बाबतीत ऋतुनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होऊ लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रसृत केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीस दररोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावयास हवे. स्तनदा मातांसाठी आणि ऋतुनिवृत्त स्त्रियांसाठी हे प्रमाण १,२०० मिलिग्रॅम आहे. तत्पूर्वी २०१० च्या शिफारशींत प्रौढांसाठी ६०० मिलिग्रॅमचाच आकडा होता. तो वाढविला गेला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दूध, ताक आणि तूप

गाईच्या १०० मिलिलिटर दुधातून सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या एका पेल्यातून सुमारे २४० मिलिग्रॅम, अर्थात प्रौढाच्या दैनंदिन गरजेचा जवळजवळ चौथा हिस्सा भरून निघतो. यापैकी सुमारे ३० टक्के भाग प्रत्यक्षात शोषला जातो. वरवर पाहता हे प्रमाण कमी वाटेल. परंतु शिफारशीचे आकडे ठरविताना ही घट गृहीत धरलेली असते.

पुष्कळांना मोठेपणी दूध पचत नाही, पोट फुगते. दुधातील दुग्धशर्करा पचविणारे द्रव्य वयपरत्वे कमी होणे हे त्याचे कारण होय. अशा व्यक्तींनी दही व ताक घ्यावे. विरजणामुळे दुग्धशर्करेचा काही भाग जिवाणू वापरून टाकतात, कॅल्शियम मात्र जागच्या जागी राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दही घुसळून लोणी काढले की आपण लोण्याला मोल देतो आणि ताक किरकोळ समजून वाटून टाकतो. परंतु हाडांच्या दृष्टीने हिशेब नेमका उलटा आहे. लोण्यातून स्निग्धांश निघून जातो. कॅल्शियम जवळजवळ सर्व ताकातच राहते. कढविलेल्या तुपात तर ते नसल्यासारखेच असते. एक वाटी, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम, दह्याचे ताक केल्यास त्यात कितीही पाणी घातले तरी जवळपास १८० मिलिग्रॅम कॅल्शियम त्या तांब्याभर ताकात असतेच. मीठ मात्र बेताने घालावे. अति मिठामुळे लघवीवाटे कॅल्शियम अधिक जाते.

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की जे पाणी निथळते ते बहुतेक घरांत ओतून दिले जाते. दूध आंबट होताना त्यातील कॅल्शियम पाण्यात उतरत असल्यामुळे, या निथळलेल्या पाण्यात ते भरपूर असते. कणीक भिजविण्यास, कढीत किंवा आमटीत हे पाणी वापरल्यास पैचाही खर्च न होता लाभ होतो.

नाचणीची आंबील

दुभते नसलेल्या घरांसाठी नाचणी हा मोठा आधार आहे. कोकणात व सह्याद्रीच्या उतारावर पिकणाऱ्या या धान्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ, गहू किंवा ज्वारी यांपैकी कोणतेही धान्य याच्या जवळपासही येत नाही. तीस ग्रॅम नाचणीच्या पिठाची आंबील केल्यास सुमारे ११० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते आणि ती ताकात केल्यास त्यात आणखी भर पडते.

नाचणीत फायटेट नावाचे द्रव्य असते व ते कॅल्शियमला धरून ठेवते. धान्याला मोड आणल्याने किंवा पीठ रात्रभर आंबविल्याने हे द्रव्य कमी होते. आंबिलीसाठी पीठ आदल्या रात्री कालवून ठेवण्याची रीत केवळ चवीसाठी नव्हती, असे आज म्हणता येते. अंगणवाडीत किंवा शाळेत स्थानिक पदार्थ देण्याचा विचार होत असेल, तर आंबिलीचा विचार अवश्य व्हावा.

चहा आणि कॉफी

चहामुळे हाडे झिजतात, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. चहा व कॉफीतील कॅफीनमुळे कॅल्शियमचे शोषण किंचित घटते, हे खरे. परंतु कॉफीच्या एका कपामुळे होणारी ही तूट एकदोन मोठे चमचे दुधाने भरून निघते, असे संशोधनात दिसून आले आहे. चहात कॅफीन त्याहूनही कमी असते. आपल्याकडील दुधाच्या चहात कपामागे ४० मिलिलिटर दूध पडत असेल, तर सुमारे ४८ मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जाते. म्हणजे तोट्यापेक्षा जमाच अधिक असते. प्रौढाने दिवसातून दोनतीन कप चहा घेतल्याने हाडांचे नुकसान होते, असे म्हणण्यास आधार नाही.

खरी हानी निराळ्या मार्गाने होते. अनेक घरांत लहान मुलांना सकाळी चहात पोळी किंवा टोस्ट बुडवून दिले जातात आणि तीच त्यांची न्याहारी ठरते. नाममात्र दूध घातलेला हा चहा दुधाच्या पेल्याची जागा घेतो. जेथे २४० मिलिग्रॅम मिळावयाचे, तेथे पंधरावीस मिलिग्रॅमवर भागविले जाते. हाडे वाढण्याच्या वयात रोज होणारी ही तूट पुढे भरून काढता येत नाही. शिवाय जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण कमी होते, तो तोटा वेगळाच.

बाटलीतील शीतपेये

कोला प्रकारच्या काळ्या शीतपेयांत फॉस्फरिक आम्ल व कॅफीन असते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातील अडीच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांच्या हाडांची घनता मोजून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. नियमितपणे कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली. पुरुषांत असा संबंध दिसला नाही, तसेच कोलाव्यतिरिक्त अन्य वायुयुक्त पेयांच्या बाबतीतही तो आढळला नाही. यावरून पेयातील बुडबुडे हे हानीचे कारण नसावे, एवढे अनुमान काढता येते. असे अभ्यास केवळ संबंध दाखवितात, कारण सिद्ध करीत नाहीत, हेही विसरता कामा नये.

तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. अशा पेयाच्या ३०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर असते आणि कॅल्शियम नसल्यासारखेच असते. तितक्याच खर्चात घरी ताक, आंबील, लिंबाचे किंवा कोकमाचे सरबत होते. सरबतातून कॅल्शियम फारसे मिळत नसले, तरी साखर बेताची ठेवणे आपल्या हाती असते. ताक व आंबील यांचा लाभ तर वर सांगितलाच आहे.

मद्याविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, नित्याचे अतिमद्यपान नवे हाड घडविणाऱ्या पेशींच्या कार्यात अडथळा आणते, आहार बिघडविते आणि तोल जाऊन पडण्याचे प्रसंगही वाढविते. हाड कमजोर व्हावे आणि त्याच वेळी पडण्याचा धोका वाढावा, असा हा दुहेरी घात होय.

पाणी : सर्वांत महत्त्वाचे पेय

आतापर्यंत सांगितलेल्या पेयांची निवड प्रत्येक कुटुंब आपल्या मर्जीने करू शकते. पाण्याच्या बाबतीत ती सोय नसते. गावाला जो स्रोत उपलब्ध असेल त्याचेच पाणी सर्वांना प्यावे लागते. म्हणूनच हाडांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न पाण्यातील फ्लोराइडचा आहे.

फ्लोराइड हे खडकांतील खनिजांतून भूजलात उतरते. पाणी खडकाच्या संपर्कात जितके अधिक काळ राहील तितके त्याचे प्रमाण वाढण्याचा संभव असतो. त्यामुळे खोल विंधन विहिरींत ते अधिक आढळते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत हा प्रश्न आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यात विंधन विहिरी व हातपंप मोठ्या प्रमाणावर झाले. त्यांनी तहान भागविली, पटकी आणि नारू यांसारख्या रोगांपासून लोकांना वाचविले, हे मोठे कार्य होय. परंतु स्वच्छ, गार आणि जंतुरहित दिसणाऱ्या या पाण्यात काही ठिकाणी एक अदृश्य दोष होता. फ्लोराइडला रंग, वास किंवा चव नसते.

भारतात हाडांच्या फ्लोरोसिसची शास्त्रीय नोंद प्रथम १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. या विकारात फ्लोराइड हाडाच्या स्फटिकांत शिरते. हाड अधिक दाट होते, पण ठिसूळ बनते. स्नायुबंधांवर कॅल्शियमचे थर जमतात. प्रारंभी सांधे व कंबर दुखते, मान आखडते. पुढे पाठीचा कणा ताठर होऊन वाकणे अशक्य होते आणि चाळिशीतील कर्ता माणूस काठीवर येतो. झालेली हानी कोणत्याही औषधाने पूर्ववत होत नाही. उपाय एकच, व तो म्हणजे सुरक्षित पाणी.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. प्रमाण जितके कमी तितके बरे, हे तत्त्व आपल्याकडे का लागू पडते ते एका साध्या गणिताने समजेल. दिवसाला एकूण ६ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास हाडांना धोका संभवतो आणि १४ मिलिग्रॅमला तो निश्चित असतो, असा जागतिक पातळीवरील तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. थंड हवेच्या देशात माणूस दोन लिटर पाणी पितो. १.५ मिलिग्रॅमच्या पाण्यातून त्याला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड मिळते. विदर्भाच्या उन्हाळ्यात शेतावर राबणारा मजूर सहज पाच लिटर पाणी पितो. त्याच पाण्यातून त्याला ७.५ मिलिग्रॅम मिळते. आणि पाण्यातील प्रमाण ३ मिलिग्रॅम असेल, तर १५ मिलिग्रॅम. कष्ट करणाऱ्याला अधिक तहान लागते, म्हणून त्यालाच अधिक विष मिळते.

चहाचा विचार येथे पुन्हा करावा लागतो. चहाचे झाड मातीतील फ्लोराइड पानांत साठविते. जून पानांत ते अधिक असते. तिबेटात व मंगोलियाच्या सीमेकडील भागात जून पानांच्या विटांचा चहा भरपूर पिणाऱ्या लोकांत केवळ चहामुळे फ्लोरोसिस झाल्याचे आढळले आहे. आपल्याकडे तेवढा धोका नाही. परंतु पाणीच सदोष असेल तेथे दिवसभर घेतलेला कोरा चहा त्या भारात भर घालतो. उलट दूध, ताक, नाचणी यांतील कॅल्शियम आतड्यात फ्लोराइडला काही प्रमाणात बांधून ठेवते आणि त्याचे शोषण कमी करते. फ्लोराइडयुक्त पाण्यात स्वतःचे कॅल्शियम बहुधा कमी असते. त्यामुळे अशा गावांतील कुपोषित मुलांना हा विकार अधिक जाचतो.

शिक्षकांच्या दृष्टीस पडणारा दाखला

या विकाराची पहिली खूण दवाखान्यापूर्वी शाळेत दिसते. कायमच्या दातांवरील लुकण वयाच्या साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असते. त्या काळात फ्लोराइड अधिक गेल्यास दातांवर खडूसारखे पांढरे, पुढे पिवळे वा तपकिरी पट्टे उमटतात. ते आडवे असतात, डाव्या व उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखेच दिसतात आणि घासून जात नाहीत. अस्वच्छतेने आलेला पिवळेपणा हिरड्यांलगत असतो व तो घासल्याने कमी होतो. तिसरी-चौथीच्या वर्गातील मुलाचे पुढचे दात म्हणजे त्याने पहिल्या काही वर्षांत प्यालेल्या पाण्याचा दाखलाच होय.

वर्गातील अनेक मुलांच्या दातांवर असे पट्टे दिसल्यास शिक्षकांनी मुलांना दोष न देता ग्रामपंचायतीस व प्राथमिक आरोग्य केंद्रास लेखी कळवावे. प्रौढांसाठी तीन सोप्या हालचाली सांगितल्या जातात : गुडघे न वाकविता पायाच्या बोटांना स्पर्श करणे, हनुवटी छातीला टेकविणे आणि दोन्ही हात डोक्यामागे नेणे. यांत अडचण येणाऱ्याला फ्लोरोसिस असेलच असे नाही. पण सदोष पाण्याच्या गावात त्याची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

पहिले काम तपासणीचे. गावातील प्रत्येक विहीर, हातपंप व विंधन विहीर यांच्या पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून किमान एकदा प्रयोगशाळेत करून घ्यावी. एकाच गावातील दोन स्रोतांत मोठी तफावत असू शकते. म्हणून एकाचा अहवाल दुसऱ्यास लावू नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग करून घ्यावा आणि आलेले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. ज्या स्रोताचे पाणी पिण्यास अयोग्य ठरेल, त्यावर ठळक खूण करावी. ते पाणी धुण्यास व आंघोळीस वापरण्यास हरकत नाही. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी मात्र सुरक्षित स्रोत राखून ठेवावा.

दुसरे काम गैरसमज दूर करण्याचे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, फ्लोराइड नाही. साध्या मेणबत्तीच्या गाळणीचाही उपयोग होत नाही. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत चुना व तुरटी ठराविक प्रमाणात घालून पाणी ढवळतात, निवळू देतात आणि वरचे पाणी घेतात. हे प्रमाण पाण्यातील फ्लोराइड व क्षारता यांवर ठरते. अंदाजाने तुरटी फिरवून भागत नाही. सक्रिय ॲल्युमिनाची गाळणी किंवा आर. ओ. संयंत्र यांनीही फ्लोराइड निघते. परंतु गाळणीतील द्रव्य वेळेवर बदलले नाही, पडदे निकामी झाले, किंवा वीजबिल थकले की संयंत्र शोभेचे राहते आणि लोक पुन्हा हातपंपाकडे वळतात. म्हणून संयंत्र बसवितानाच देखभालीचा खर्च, जबाबदार व्यक्ती व तपासणीचे वेळापत्रक यांची नोंद ठरावात असावी.

तिसरे काम कायमच्या उपायाचे. दूरच्या सुरक्षित स्रोतावरून नळयोजना, छतावरील पावसाचे पाणी साठविणे, उथळ विहिरींचे पुनर्भरण हे मार्ग गावाच्या परिस्थितीनुसार योजावेत. राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ पासून सुरू आहे. त्याच्या यंत्रणेशी संपर्क ठेवल्यास रुग्णांची तपासणी व मार्गदर्शन मिळू शकते.

घरासाठी सांगणे थोडके आहे. वाढत्या मुलांना चहाऐवजी दूध, ताक किंवा आंबील द्यावी. ताकाचा शेवटचा पेला घरातील स्त्रीच्या वाट्याला न उरणे ही अनेक घरांतील रीत बदलावी, कारण पुढे तिच्याच हाडांची झीज अधिक होणार असते. कॅल्शियमच्या शोषणासाठी ड जीवनसत्त्व लागते व ते उन्हात वावरल्याने त्वचेत तयार होते. तेव्हा मुलांचे मैदानावर खेळणे हाही या उपचाराचाच भाग समजावा.

हाडांचे दुखणे सावकाश येते आणि म्हणून त्याची तक्रारही उशिरा होते. पेयाची निवड हा घरातील सवयीचा प्रश्न आहे. पाण्याची शुद्धता हा गावाच्या निर्णयाचा प्रश्न आहे. गावातील एखाद्या हातपंपाचे पाणी अद्याप एकदाही तपासले गेले नसेल, तर पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो विषय पहिला असावा. आज पहिलीत बसलेल्या मुलाचे पक्के दात अजून घडत आहेत आणि त्याची हाडे आणखी वीस वर्षे भर घेणार आहेत. त्याला कोणते पाणी मिळते, हे ठरविणे आपल्याच हाती आहे.